ग्राफिक्स कार्ड स्लो का चालतंय? घरच्या पीसीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचा पीसी, त्यात पै पै जमवून घेतलेलं कार्ड, आणि गेम मात्र अडखळत चालतोय. हे दुखणं घेऊन आलेल्या बऱ्याच जणांसोबत बसून मी त्यांचे पीसी उघडलेत आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, कार्ड स्वतः खराब निघणं हे सगळ्यात कमी वेळा होतं. बहुतेक वेळा कार्डाला दुसरंच काहीतरी अडवत असतं, उष्णता, केबल, रॅम, प्रोसेसर, नाहीतर एखादं सेटिंग, आणि ते नक्की काय आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे खाली सगळीकडे एकच सूत्र आहे, आधी आकडे बघा मग हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

प्र. सुरुवात कुठून करू? काय इन्स्टॉल करावं लागेल?

दोन-तीन फुकटची टूल्स पुरतात. एमएसआय आफ्टरबर्नर, त्याच्यासोबत येणारा रिवाट्यूनर, आणि कार्डाची सगळी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड. आफ्टरबर्नर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो, कार्ड एमएसआयचंच हवं असं नाही. त्यात ऑन-स्क्रीन डिस्प्ले चालू करून हे आकडे गेमच्या कोपऱ्यात दिसू द्या: जीपीयू युसेज (कार्डाची मुख्य चिप किती टक्के कामात आहे), जीपीयू टेंपरेचर, कोअर क्लॉक (चिपचा वेग), पॉवर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती वापरली, प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (कामाची एक रांग) वेगळा, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणारा वेळ) ग्राफ.

मग नेहमीचा गेम नेहमीच्याच ठिकाणी कमीत कमी १५ मिनिटं खेळा. ५ मिनिटांत काही कळत नाही कारण हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) तापायलाच तेवढा वेळ लागतो. सुरुवातीचे आकडे आणि १५ मिनिटांनंतरचे आकडे कागदावर लिहून ठेवा, खरंच लिहा, डोक्यात ठेवलेले आकडे सोयीने बदलतात हे मी खूपदा बघितलंय. हाच कागद पुढच्या प्रत्येक उत्तरात लागणार आहे.

प्र. नवीन कार्ड टाकलं तरी एफपीएस अगदी जुन्याइतकेच येतायत. कार्ड फसवं निघालं का?

सगळ्यात आधी कॅबिनेटच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. मागच्या बाजूला एचडीएमआयची जागा दोनदा असते. एक वरती, यूएसबी आणि ऑडिओच्या भोकांच्या गर्दीत, ती मदरबोर्डची. दुसरी खाली, आडव्या पट्टीत, एकाशेजारी एक तीन-चार पोर्ट, ती कार्डाची. केबल वरच्या जागी लागली असेल तर गेम बहुतेक वेळा प्रोसेसरमधल्या छोट्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर चालतो आणि तुमचं कार्ड नुसतं गरम हवेत बसून राहतं.

मी एकदा माझ्या भाच्याच्या पीसीवर सबंध दुपार ड्रायव्हर काढ-घाल करत बसलो होतो आणि शेवटी मागे टॉर्च मारली तर केबल मदरबोर्डात. जीपीयू युसेज शून्य-दोन टक्के दाखवत होता आणि आम्ही दोघंही तो आकडा बघून न बघितल्यासारखं करत होतो. त्या दिवसापासून मी पीसी चालू करायच्या आधी मागची बाजू बघतो.

प्र. कार्ड खरंच फसवं असू शकतं का? सेकंडहँड घेतलंय.

असू शकतं. जुन्या कार्डाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला नवीन मॉडेलचं नाव द्यायचा धंदा बरीच वर्षं चालू आहे, त्यात विंडोजसुद्धा खोटंच नाव दाखवतं. जीपीयू-झेडमध्ये २०१८ पासून अशी एनव्हिडियाची नकली कार्डं ओळखायची सोय आहे, नावाच्या आधी ते सरळ फेक असं लिहितं. नुसतं नाव वाचून थांबू नका, शेडर्सची (चिपमधले गणित करणारे छोटे भाग) संख्या, मेमरीचा प्रकार आणि बस विड्थ (मेमरीच्या रस्त्याची रुंदी) हे तीन तपशील कंपनीच्या स्पेसिफिकेशनशी जुळवा.

आणि एक प्रकार असा आहे जो फसवणूक नाही पण परिणाम तोच. नाव एकच, आतली मेमरी वेगळी. जीटी १०३० हे याचं सगळ्यात वाईट उदाहरण, जीडीडीआर५ वाल्याची मेमरी बँडविड्थ (डेटा ये-जा करायचा वेग) सेकंदाला ४८ जीबी आणि डीडीआर४ वाल्याची साधारण १७ जीबी, म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास, आणि बॉक्सवर दोन्हीकडे जीटी १०३०. हे कंपन्यांनी करायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण घेणारा नाव बघूनच घेतो.

प्र. जीपीयू युसेज ९७-९९ टक्के दिसतोय. हे वाईट आहे ना?

नाही, उलट हेच हवं असतं. याचा अर्थ कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय. एफपीएस तरी कमी असतील तर तुम्ही मागितलेलं काम कार्डाच्या आवाक्याबाहेरचं आहे किंवा तापमानामुळे त्याचा क्लॉक पडतोय, यातलं काय ते क्लॉकचा आकडा सांगेल, त्यावर पुढे लिहिलंय.

आवाक्याचा अंदाज रिझोल्यूशनवरून येतो. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख. १०८०पीचा मॉनिटर काढून ४के आणला की त्याच कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये चौपट पिक्सेल रंगवायचे असतात. नवा मॉनिटर आल्यापासून पीसी स्लो झाला अशी तक्रार असेल तर बहुधा एवढंच झालेलं असतं. अशा वेळी डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस (ही अपस्केलिंगची सेटिंग्ज, म्हणजे चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करणं) यातलं जे गेममध्ये असेल ते क्वालिटी मोडवर लावा, रे ट्रेसिंग बंद करा, आणि शॅडो आणि व्हॉल्युमेट्रिक फॉग एक-एक पायरी खाली आणा. सगळं लो करायची गरज नसते, दोन-तीन सेटिंग्जच बहुतेक भार खातात.

प्र. माझा जीपीयू युसेज ५०-६० टक्केच आहे आणि तरी एफपीएस कमी. कार्ड आळस का करतंय?

कार्ड आळस करत नाहीये, ते वाट बघतंय. आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, कार्ड बदलतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पहिली शंका फ्रेम कॅपची घ्या. एफपीएस जर बरोबर ६० वर, १४४ वर किंवा ३० वर चिकटून बसले असतील तर कुठेतरी मर्यादा लागलेली आहे. व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग), गेममधला फ्रेम लिमिट, ड्रायव्हर पॅनलमधला फ्रेम लिमिट, रिवाट्यूनरमधला लिमिट, अशा चार ठिकाणी बघावं लागतं. व्हीसिंकची एक जुनी खोड आहे, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर फ्रेम १६.७ मिलिसेकंदात तयार झाली नाही तर ती पुढच्या फेरीपर्यंत थांबते, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, म्हणजे ५५ च्या जागी थेट ३० दिसतात. सगळ्या गेममध्ये असं होत नाही पण ६० आणि ३० मध्ये उड्या दिसल्या तर हेच समजा.

कॅप नसेल तर मग प्रोसेसर. इथे लोक म्हणतात माझा प्रोसेसर तर ३५ टक्केच वापरला जातोय. हा एकूण आकडा फसवा आहे. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचे साधारण ८ टक्केच दिसतात, आणि बऱ्याच गेममध्ये एकच मुख्य थ्रेड सगळ्यांना कामं वाटून देत असतो, तो अडला की सगळे अडले. म्हणून वर म्हटलं की प्रत्येक थ्रेड वेगळा दाखवा.

खात्री करायची सोपी रीत, रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस वाढले तर कार्ड अडवत होतं. तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. या दुसऱ्या केसमध्ये ग्राफिक्स लो केल्याने फारसा फरक पडत नाही, अपस्केलिंगनेही नाही, त्याऐवजी गर्दीची घनता, व्ह्यू डिस्टन्स, फिजिक्स अशी प्रोसेसर खाणारी सेटिंग्ज कमी करा.

प्र. रॅमचा ग्राफिक्स कार्डाशी काय संबंध? १६ जीबी आहे की माझ्याकडे.

१६ जीबी एकाच स्टिकमध्ये आहे की ८-८ च्या दोन? एकच असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर चालते आणि प्रोसेसरकडे येणारा डेटाचा रस्ता निम्मा होतो. प्रोसेसर अडला की वरचंच सगळं घडतं, कार्ड वाट बघत बसतं. दोन स्टिक असतील तर त्या एकमेकींना चिकटून लावलेल्या नाहीत ना तेही बघा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं.

दुसरी मेख स्पीडची. पाकिटावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम नुसती लावली की बऱ्याचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते, आणि ६००० ची डीडीआर५ बहुधा ४८०० वर. पूर्ण स्पीडसाठी मदरबोर्डच्या बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरचा स्पीड देणारं सेटिंग, चालू करावं लागतं, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर त्याला एक्सपो म्हणतात. टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमध्ये आत्ताचा स्पीड दिसतो, उघडून बघा, कित्येकांचा पीसी घेतल्या दिवसापासून कमी स्पीडवर चाललेला असतो आणि कोणी सांगितलेलंच नसतं. एक्सएमपी लावून पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका, बोर्ड सहसा स्वतःच जुन्या सेटिंगवर येतो, नाही आला तर सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणायची.

प्र. पहिली १० मिनिटं मस्त चालतं, नंतर हळूहळू बसतं.

हे तापमान. तुमच्या कागदावर सुरुवातीला क्लॉक समजा १९०० मेगाहर्ट्झ आणि १५ मिनिटांनी १५०० असेल, आणि तापमान त्याच वेळी वर चढून एका आकड्यावर घट्ट बसलं असेल, तर कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतंय, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत ८३ अंश सेल्सिअस हे टार्गेट असतं, तिथे पोचलं की क्लॉक उतरतो. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) ११० अंशांपर्यंत चालतो असं कंपनीच सांगते, त्यामुळे तिथे ९५ दिसलं म्हणून लगेच काही बिघडलं असं नाही. पण कोअर ७० आणि हॉटस्पॉट १०५ असा मोठा फरक दिसला तर मात्र हीटसिंक चिपवर नीट टेकलेला नाही किंवा दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलीय.

जीपीयू-झेडच्या सेन्सर टॅबमध्ये एनव्हिडिया कार्डांसाठी परफकॅप रीझन अशी एक ओळ असते आणि माझ्या मते ही सगळ्या टूल्समधली सगळ्यात कामाची ओळ आहे, कारण कार्ड का थांबलं हे कार्ड स्वतःच सांगतं. थर्मल आलं तर तापमान. पॉवर आलं तर वॅटची मर्यादा. व्होल्टेज रिलायबिलिटी आलं तर काळजी नाही, हे नॉर्मल आहे. युटिलायझेशन आलं तर कार्डाला कामच कमी मिळतंय, म्हणजे वरचा प्रोसेसरवाला प्रश्न वाचा.

एक साधी चाचणी, कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढून तोच गेम परत खेळा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर कार्डाचा दोष नाही, कॅबिनेटमध्ये हवाच फिरत नाहीये.

प्र. साफसफाई कशी करायची? पेस्ट बदलू का?

आधी साफसफाई, पेस्ट नंतर, आणि बऱ्याचदा पेस्टची वेळच येत नाही.

पीसी बंद, मागचं स्विच बंद, वायर काढलेली, मग पॉवर बटण एकदा दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते ती आधी दाबायची, न दाबता ओढलं तर स्लॉटच तुटतो. बाहेर काढलेलं कार्ड उजेडात तिरकं धरून पंख्यांच्या पात्यांमधून आत बघा. दोन-तीन वर्षं न उघडलेल्या कार्डात पंखा वरून बरा दिसतो पण त्याच्या खाली, जिथे हीटसिंकचे पातळ पत्रे सुरू होतात, तिथे धुळीचा करडा थर बसलेला असतो, घोंगडीच्या तुकड्यासारखा, चिमट्याने एका टोकाला धरला तर अख्खा उचलून येतो. पंखा कितीही जोरात फिरला तरी त्या थरातून हवा जाणार कशी.

मऊ ब्रश आणि हवेचा डबा किंवा ब्लोअर वापरा, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा खूप जास्त फिरतो आणि बेअरिंग जातं. पाणी, ओला कपडा, घरातला व्हॅक्युम क्लीनर, हे काहीही नको.

हे करूनही हॉटस्पॉटचा फरक तसाच राहिला आणि वॉरंटी संपली असेल तरच पेस्ट. इथे एक धोका सांगितलाच पाहिजे, मेमरी चिपवर जे थर्मल पॅड असतात त्यांची जाडी ठरलेली असते. थोडा जाड पॅड लावला तर हीटसिंक मुख्य चिपपासून किंचित उचलला जातो आणि कार्ड आधीपेक्षाही जास्त तापतं. मोजल्याशिवाय पॅड बदलू नका, जुने धड असतील तर तेच ठेवा.

प्र. ड्रायव्हर अपडेट केला आणि त्यानंतर स्लो झालं. काय करू?

आधी दोन-तीन दिवस खेळून बघा. ड्रायव्हर बदलला की जुना शेडर कॅशे (चित्र रंगवायच्या छोट्या प्रोग्रामचा, म्हणजे शेडरचा, तयार साठा) निकामी होतो आणि गेमला शेडर नव्याने तयार करावे लागतात, त्यामुळे पहिल्या वेळी प्रत्येक नव्या जागी झटके बसतात आणि मग कमी होत जातात.

तरी तसंच राहिलं तर डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. जो ड्रायव्हर टाकायचा तो आधी डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट बंद करा, नाहीतर विंडोज मधल्या वेळात स्वतःचाच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं, मग सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा, रीस्टार्ट, आणि आधी नीट चालत होता तो जुना ड्रायव्हर टाका. नवा म्हणजे चांगलाच असं काही नसतं. एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट गेला असाल तर हे करायचंच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाच्या जागी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसत असेल तर ड्रायव्हर मुळात बसलेलाच नाही, तिथे स्लो असणं स्वाभाविक आहे. आणि मध्येच स्क्रीन अडकली तर कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, ड्रायव्हर तेवढ्यापुरता रीस्टार्ट होतो, उघडी कामं सहसा जात नाहीत.

प्र. एफपीएस ९० दाखवतोय पण गेम अडकल्यासारखा वाटतो. माझे डोळे चुकतायत का?

डोळे बरोबर आहेत, सरासरी चुकतेय. एका सेकंदात ८९ फ्रेम पटापट आल्या आणि एक फ्रेम २०० मिलिसेकंद अडली तरी आकडा ९० च राहील पण झटका जाणवेल. म्हणून फ्रेमटाइमचा ग्राफ बघा, सपाट रेघ म्हणजे चांगलं, करवतीसारखे दात म्हणजे झटके. एक टक्का लो (सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडाही याच्यासाठीच असतो.

झटक्यांचं मोठं कारण व्हीरॅम. कार्डावर ८ जीबी आहे आणि गेमला १० हवी असेल तर उरलेला डेटा पीसीच्या साध्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्सप्रेसमधून (कार्ड आणि मदरबोर्डमधली जोडणी) ये-जा करतो. हा रस्ता किती अरुंद आहे ते बघा, आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी मॉडेलची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० चा पूर्ण १६ लेनचा (लेन म्हणजे डेटाची एक वाट) स्लॉट एका दिशेला साधारण १६ जीबी. बावीस पटींहून जास्त फरक. इथे उपाय एकच, टेक्स्चर क्वालिटी एक पायरी खाली, बाकी सेटिंग्ज तशीच ठेवली तरी चालतात. ब्राउझरचे ढीगभर टॅबसुद्धा व्हीरॅम खातात, खेळताना बंद करा.

गेम हार्ड डिस्कवर असेल तर तोही झटके देतो, एसएसडीवर हलवा, याच्यात विचार करण्यासारखं काही नाही.

प्र. कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये लावलं तर चालतं ना?

चालतं, पण सारखं चालत नाही. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा लांब स्लॉट १६ लेनचा असतो, खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब पण आत बऱ्याचदा ४ च लेन. जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसच्या ओळीत हे दिसतं. मात्र कार्ड रिकामं बसलं असताना तिथे १.१ असा कमी आकडा दिसतो तो वीज वाचवण्यासाठी, म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा आणि मग वाचा.

काही कार्डांना मुळातच कमी लेन दिलेल्या असतात. आरएक्स ६५०० एक्सटी, जे २०२२ च्या जानेवारीत आलं, त्याला ४ च लेन आणि व्हीरॅमही ४ जीबी. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते निभावतं, ३.० च्या जुन्या बोर्डावर रस्ता निम्मा होतो आणि मेमरी भरली की जोरात आपटतं. जुन्या पीसीसाठी स्वस्तातलं कार्ड शोधणारेच नेमके यात सापडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंटेल आर्क कार्ड असेल तर बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू असणं जवळजवळ सक्तीचं समजा, त्याच्याशिवाय ही कार्डं बरीच मागे पडतात. त्यासाठी अबव्ह ४जी डिकोडिंग चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय) बंद लागतं. पण विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पीसी बूटच होणार नाही, आधी डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीची मांडणी) आहे का बघून घ्या.

प्र. पॉवर सप्लाय कमी पडला तर कार्ड स्लो होतं का?

सहसा नाही. सप्लाय कमी पडला तर पीसी खेळताना अचानक रीस्टार्ट होतो किंवा काळा पडतो. स्लोपणाचं खापर उगाच त्याच्यावर फोडू नका.

केबल मात्र तपासा. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनमधून १५० असा हिशेब असतो. दोन ८ पिन लागणाऱ्या मोठ्या कार्डाला एकाच केबलची दोन टोकं लावण्यापेक्षा सप्लायमधून दोन वेगळ्या केबल आणा. नवीन १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत बसलाय, जराही फट दिसत नाही, याची खात्री करा, अर्धवट बसलेला कनेक्टर वितळल्याची उदाहरणं आहेत.

प्र. लॅपटॉपवर तेच कार्ड आहे, मग मित्राच्या लॅपटॉपपेक्षा स्लो का?

नाव तेच, वॅट वेगळे. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिप ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कशावरही चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते, बारीक लॅपटॉपमध्ये ती कमीवर बांधलेली असते. घ्यायच्या आधी हा आकडा शोधा.

घेतलेल्या लॅपटॉपवर एवढं करा: खेळताना मूळ चार्जर लावलेला हवा, बॅटरीवर कार्ड मुद्दाम मंद चालतं आणि यूएसबी सीचा छोटा चार्जरही पुरत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये परफॉर्मन्स मोड. विंडोज सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन तो गेम हाय परफॉर्मन्सवर. मक्स स्विच (स्क्रीन थेट कार्डाला जोडायची सोय) असेल तर डिस्क्रीट मोड. मागच्या जाळीला हवा मिळू द्या, गादीवर ठेवून खेळू नका.

प्र. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, फरकच दिसत नाही.

विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट १४४ करा. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बदला, डिस्प्लेपोर्ट असेल तर ती वापरा.

प्र. काही न उघडताच कार्ड ८०-९० टक्के वापरलं जातंय आणि पंखा ओरडतोय.

टास्क मॅनेजर उघडा, जीपीयूच्या कॉलमवर क्लिक करून क्रमाने लावा. वॉलपेपर हलवणारं ॲप, रेकॉर्डिंगचा ओव्हरले, ब्राउझर, यातलं कोणीतरी निघतं. टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर पंखा शांत होत असेल आणि बंद केल्यावर परत सुरू, तर मायनिंग करणारा (तुमच्या कार्डावर दुसऱ्यासाठी क्रिप्टो कमावणारा) मालवेअर असण्याची दाट शंका घ्या, काही मायनर नेमके असेच लपतात. क्रॅक केलेल्या गेमसोबत हे येतं. अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन करा, आणि मी तर अशा वेळी पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदलून विंडोज नव्याने टाकायलाच सांगतो.

प्र. विंडोजमधलं मेमरी इंटिग्रिटी बंद केलं की एफपीएस वाढतात म्हणे?

थोडे वाढू शकतात, मायक्रोसॉफ्टनेही हे मान्य केलंय. पण ती सुरक्षेची सोय आहे. ज्या पीसीवर बँकेची कामं होतात तिथे मी ती बंद करत नाही. आणि एका क्लिकमध्ये स्पीड वाढवणारी जी बूस्टर ॲप मिळतात ती टाकू नका, त्यातली बरीचशी जाहिराती दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत.

प्र. हे सगळं केलं. आता कार्डच गेलंय हे कसं ओळखू?

स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा येत असतील, त्याही बायोसच्या स्क्रीनवर, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच, तर बहुधा कार्डाची मेमरी किंवा चिप. आधी केबल आणि मॉनिटर बदलून बघा मात्र. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (बिघाड कळल्यामुळे विंडोजने कार्ड थांबवलंय) येत असेल आणि डीडीयू करूनही जात नसेल तर तीच शंका. ओव्हरक्लॉक केलेलं (वेग मुद्दाम वाढवलेला) असेल तर सगळं मूळ सेटिंगवर आणून बघा, कोअर आणि मेमरी दोन्ही.

खरा निकाल अदलाबदलीनेच लागतो. तुमचं कार्ड ओळखीच्या दुसऱ्या पीसीत लावा, तिथेही तेच झालं तर कार्ड, तिथे नीट चाललं तर तुमच्या पीसीत अजून काहीतरी राहिलंय. ओव्हनमध्ये कार्ड भाजायचे व्हिडिओ बघून तसं काही करू नका, दोन दिवस चालून परत जातं, आणि ज्या ओव्हनमध्ये आपण खातो त्यात त्या सोल्डरचा धूर नको.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रू न खोलता पाठवा. पाठवायच्या आधी सिरियल नंबरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो, कार्डाच्या चारी बाजूंचे फोटो, स्क्रीनवर येणाऱ्या ठिपक्यांचा छोटा व्हिडिओ आणि तो सुरुवातीचा आकड्यांचा कागद, एवढं तुमच्याकडे ठेवा. सर्व्हिस सेंटरवाले आम्हाला काही प्रॉब्लेम दिसला नाही म्हणून कार्ड तसंच परत पाठवतात तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो, माझ्याबाबतीत दुसऱ्यांदा पाठवताना तो जोडला आणि कार्ड बदलून मिळालं.